गोड्या विहिरी, खारी टाकी

आमच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी वर्षभर एक काचेची टाकी रिकामी उभी होती. येणारा प्रत्येक पाहुणा हमखास विचारायचा, "अरे, मासे कुठं गेले?" आणि आमची लेक काही न बोलता उठून आत जायची.

मासे मेले होते. नऊ दिवसांत सगळे. ते कशानं मेले हे कळायला मला वर्ष लागलं, आणि कळलं ते मालवणच्या वाटेवर. म्हणून ही हकीकत म्हटली तर माशांची आहे, म्हटली तर मालवणची.

मी बेळगावात एका कॉलेजात मराठी शिकवतो. समुद्राशी माझा संबंध ताटातल्या बांगड्यापुरता. सौभाग्यवतींचं माहेर धारवाडचं, त्यामुळं त्यांचा तेवढाही नाही. पण लेकीनं टीव्हीवर तो निमो माशाचा सिनेमा पाहिला, आणि सहामाहीत पहिली आलीस तर समुद्रातल्या माशांची टाकी घेऊन देईन, असं मी बोलून बसलो. ती आली पहिली. दिवाळीच्या सुटीत एका मोठ्या शहरात गेलो होतो, तिथल्या दुकानातून दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच अशी टाकी घेतली. तिच्यात दोन नारिंगी निमो, त्याच सिनेमातली निळी डोरी, निमोला घर म्हणून एक समुद्रफूल आणि शोभेसाठी पांढऱ्याशुभ्र, हरणाच्या शिंगासारख्या फांद्यांचा प्रवाळाचा तुकडा. दुकानदार म्हणाला, "पाणी भरा, मीठ घाला, दुसऱ्या दिवशी मासे सोडा." आम्ही अगदी तसंच केलं.

माझ्या सासूबाई आमच्याकडेच असतात. घरातच काय, गल्लीतही सगळे त्यांना अज्जी म्हणतात. त्यांनी टाकीकडे पाहून विचारलं, "समुद्रा मनीगे तरतीरेन्री?" सगळे हसलो.

तिसऱ्या दिवशी समुद्रफूल आक्रसलं आणि पाण्याला वास येऊ लागला. पाचव्या दिवशी डोरी एका कुशीवर पडलेली दिसली. नवव्या दिवशी सकाळी शेवटचा निमो गेला. लेकीनं एका वहीत रोजचं लिहून ठेवलं होतं. शेवटच्या पानावर फक्त तारीख होती. मी म्हटलं, "नवीन आणू." ती म्हणाली, "पप्पा, आणू नका. परत मरतील." आठवीत जायच्या वयाच्या मुलीनं हे इतक्या शांतपणे सांगावं, याचं मला वाईट वाटलं. त्यापेक्षा ती रडली असती तर बरं झालं असतं.

आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे एक सर मूळचे कारवारचे. कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभाग कारवारला आहे, तिथं ते शिकले. स्टाफरूममध्ये एकदा ही कहाणी मी हसत हसत सांगितली. सर हसले नाहीत. म्हणाले, "आधी जिवंत प्रवाळ बघून या. मग टाकीचं बोलू. मीच येतो चला." अशा रीतीनं डिसेंबरातल्या एका शनिवारी पहाटे आम्ही चौघं मालवणला निघालो. अज्जी घरी राहिल्या.

बेळगावहून मालवण दीडशे किलोमीटरच्या आसपास. वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की शिनोळीला पाट्या कानडीच्या मराठी होतात. बोलणं मात्र दोन्हीकडं तेच राहतं. डिसेंबरात हा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांचा. त्यांच्या मागं मागं, तोंडावर उसाची पानं झेलत आंबोली गाठली. धुक्यात चहा घेताना सरांनी लेकीला विचारलं, "इथं पडलेला पाऊस कुठं जातो?" ती म्हणाली, "समुद्रात." सर म्हणाले, "कुठल्या?" मग त्यांनीच सांगितलं, की आंबोलीला उगम पावलेली हिरण्यकेशी पूर्वेला वळून आपल्या संकेश्वरावरून घटप्रभेला मिळते, म्हणजे तिचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. पण घाटाच्या कड्यावरून पलीकडं पडलेला थेंब काही तासांत कोकणात उतरतो. चहाचा ग्लास ठेवता ठेवता सर म्हणाले, "पाणी कुठून आलं आणि त्यात काय काय विरघळलं, हे ज्यानं विचारलं नाही त्यानं मासे पाळू नयेत."

मग घाट उतरता उतरता त्यांनी आमच्या माशांचं शवविच्छेदनच केलं. मासा जे खातो त्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो विषारी असतो. समुद्रात तो क्षणात विरून जातो. टाकीत तो खाऊन टाकणारे जिवाणू लागतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट त्या मानानं निरुपद्रवी. हे जिवाणू दगडांवर, वाळूत वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. "दुधाला विरजण लागतं ना? तसं पाण्याला. तुम्ही विरजण न लावता दुसऱ्या दिवशी दही वाढायला बसलात. त्यात टाकीत पाणी ५७ लिटर. एका बादलीत समजा पाच माणसं कोंबली आणि झाकण लावलं."

मागच्या सीटवर लेक खिडकीबाहेर बघत होती. पण ऐकत होती.

सावंतवाडी, कुडाळ करत साडेदहाला मालवणात पोचलो. दांडीच्या किनाऱ्याजवळ एका घरी उतरायची सोय होती. दुपारी होडीनं सिंधुदुर्गात गेलो. १६६४ साली पायाभरणी आणि १६६७ साली काम पूर्ण, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर, चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे, हेही सगळे बघतात. लेक मात्र विहिरींपाशी रेंगाळली. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये खडकावर गोड पाण्याच्या तीन विहिरी. तिनं ओंजळीत पाणी घेऊन चाखलं आणि म्हणाली, "पप्पा, इथं समुद्रात गोडं पाणी ठेवलंय. आपण बेळगावात खारं ठेवत होतो." सर म्हणाले, "ठेवता येतं. पण या विहिरींना पण कुणीतरी साडेतीनशे वर्षं सांभाळलंय."

किल्ल्याभोवतीचं हे पाणी म्हणजे मालवण सागरी अभयारण्य. १९८७ साली ते जाहीर झालं. क्षेत्र एकूण २९ चौरस किलोमीटरच्या थोडं वर, आणि सिंधुदुर्ग, पद्मगड आणि भोवतालचे खडक हा त्याचा गाभा. अभयारण्य झालं तेव्हा आमच्या जाळ्यांचं काय, हा प्रश्न इथल्या मच्छीमारांनी विचारला, आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. आता पुष्कळ मच्छीमारांची मुलं होड्यांवर पर्यटकांना पाण्याखालचं दाखवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी असाच एक तरुण आम्हाला किल्ल्याच्या मागच्या अंगाला घेऊन गेला.

मला पोहता येत नाही. जाकीट घातलं, तोंडात नळी धरली, डोळ्यांवर काच चढवली आणि होडीला बांधलेली रिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून पाण्यात डोकं घातलं. पहिली दोन मिनिटं फक्त माझाच श्वास ऐकू येत होता. मग डोळे सरावले. पाणी अगदी काचेसारखं नव्हतं, दहा-बारा फुटांपलीकडं हिरवट धुकं. आणि खाली पाच-सहा हातांवर काय, तर कुणी गुळाच्या ढेपा मांडून ठेवाव्यात तसे तपकिरी, पिवळट गोल दगड. त्यांच्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक जाळी. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले मासे त्यांच्यामधून झुंडीनं फिरत होते. एका फटीत काळे काटेवाले समुद्री साळू बसले होते.

लेकीचा चेहरा पाण्याबाहेर आला तो हिरमुसलेला. "रंगीत नाहीत की हे!" तेवढ्यात तिचा पाय एका ढेपेकडं गेला, तसा तो तरुण ओरडला, "पाय ठेव नको गे बाय! दगड न्हय तो, जितां आसा!"

होडीत बसून सरांनी सांगितलं ते मी जमेल तसं लिहितो. प्रवाळ हा प्राणी. एकेक जाळीच्या खळग्यात एकेक इवला जीव. त्याच्या अंगात त्याहून बारीक शेवाळ राहतं. शेवाळ उन्हावर साखर करतं, ती प्रवाळाला देतं. प्रवाळ त्याला घर देतो. तपकिरी रंग त्या शेवाळाचा. म्हणजे ही काळपट ढेप म्हणजे चांगला खाऊन पिऊन सुखी असलेला प्राणी. पाणी फार तापलं तर हे शेवाळ बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढराफटक होतो. बराच काळ तसा राहिला तर उपासमारीनं मरतो. २०१५-१६ मध्ये जगभर असं झालं, मालवणातही झाल्याची नोंद आहे. आणि अशा ढेपेसारख्या जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे दीड फुटाची ढेप लेकीपेक्षा वयानं मोठी.

"मग आमच्या टाकीतला तो पांढरा?" लेकीनं विचारलं.

सर थोडं थांबून म्हणाले, "तो मेलेला. कुणीतरी जिवंत तोडून, धुऊन, वाळवून विकलेला."

त्यांनी कायदाही सांगितला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली दगडी प्रवाळाच्या सगळ्या जाती घातल्या गेल्या. त्यांच्याबरोबर काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे. त्याच सुमारास समुद्रघोड्यांनाही संरक्षण मिळालं. वाघाला जी अनुसूची, तीच याला. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही हे संरक्षण आहे. किनाऱ्यावर वाहून आलेला तुकडाही पिशवीत घालायचा नाही. परदेशी पुस्तकांत नवशिक्यांना जिवंत समुद्री दगड टाकीत ठेवायला सांगतात, तो दगड म्हणजे बहुधा प्रवाळाचाच सांगाडा; आपल्याकडं तोही चालत नाही.

लेकीनं लगेच काळजीनं विचारलं, "अज्जीच्या हवळाच्या माळेचं काय?" कानडीतलं हवळ आणि मराठीतलं पोवळं, दोन्ही शब्द एकाच घरातले वाटतात. सर म्हणाले, "ते दागिन्यांतलं तांबडं पोवळं. ते बहुतेक भूमध्य समुद्रातून येतं, त्याचं कूळ वेगळं. अज्जींना निर्धास्त झोपू दे."

संध्याकाळी दांडीच्या वाळूत बसलो होतो. समोर किल्ल्याचा तट काळा पडत चालला होता. लेकीनं पिशवीतून ती जुनी वही काढली. शेवटच्या तारखेचं पान उलटून तिनं नवीन पान उघडलं आणि म्हणाली, "सर, आपण परत आणला तर काय आणायचं?" वर्षभरात ती पहिल्यांदा 'परत' म्हणाली होती. सौ.नं माझ्याकडं पाहिलं. मी काहीच बोललो नाही, उगीच मोडायला नको.

सर म्हणाले, "स्थळ बघताना काय विचारतात? तेच चार प्रश्न विचारायचे. जन्म कुठला? मोठेपणी अंगानं केवढा होणार? खाणंपिणं काय? आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांशी वागणं कसं? दिसायला कसा आहे, हे सगळ्यात शेवटी."

मग एकेक स्थळ आलं. पहिली डोरी. मोठी झाली की फूटभर लांब होते आणि दिवसभर लांब लांब पोहते. तिला सहा फुटांची टाकीही अपुरी. नापास. समुद्रफूल. त्याला भरपूर उजेड आणि मुरलेलं पाणी लागतं, नव्या टाकीत ते टिकत नाही. शिवाय ते चालतं. चालत चालत पंपात अडकलं की स्वतः मरतं आणि सगळं पाणी नासवतं. निदान पहिलं वर्षभर नापास. मोरपंखी नक्षीचा मँडरिन मासा दुकानात सगळ्यात देखणा दिसतो. पण तो दिवसभर डोळ्यांनाही दिसणार नाहीत असे बारीक जीव वेचून खातो. नव्या टाकीत ते नसतात, आणि हा डोळ्यांदेखत उपासानं वाळत जातो. फुलपाखरू मासे पुष्कळदा प्रवाळच कुरतडतात, आणि त्यांतले कित्येक टाकीत आले की तोंडच उघडत नाहीत. इतर माशांच्या अंगावरचे किडे खाणारा निळा वैदू मासा समुद्रात शेकडो माशांचा डॉक्टर असतो. त्याला तिथंच राहू द्यावं. समुद्रघोडा कायद्यानंच बाद. छोटे निळे डॅमसेल मासे स्वस्त आणि चिवट म्हणून दुकानदार नवशिक्यांच्या गळ्यात मारतात. जगतात खरे, पण सगळ्या टाकीवर दादागिरी करतात. एक भाडेकरू असा घेतला की पुढं घर कुणाला देता येत नाही.

"म्हणजे काहीच नाही?" लेक म्हणाली.

"आहे की. तुझा निमो पास." सर सांगू लागले. निमो तीन-चार इंचांपलीकडं वाढत नाही, मिळेल ते खातो, आणि समुद्रफुलाशिवायही सुखानं राहतो. मुख्य म्हणजे तो टाकीत जन्मलेला मिळतो. त्याची पैदास करायचं तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं बसवलं आहे. "आमच्या कारवारलाही तिचं केंद्र आहे," हे सांगताना सर जरा ताठ बसले. टाकीत जन्मलेला मासा घेतला की समुद्रातला एक मासा कमी होत नाही, आणि त्याला काचेची, माणसाची, वाळलेल्या खाद्याची सवय जन्मापासून असते. शिवाय त्यांच्या घरची रीत मजेदार. सगळे निमो जन्मतः नर. जोडीतला दांडगा असेल तो मादी होतो. मादी मेली तर उरलेला नर मादी होतो. हे ऐकून सौ. म्हणाली, "म्हणजे सिनेमात खोटंच दाखवलं की!" त्या दिवसातलं सगळ्यात मोठं हसू ते.

निमोची जोडी, वाळूत बीळ करून बसणारा पिवळा गोबी, सफाई करणारी तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी, काचेवरचं शेवाळ खरवडणाऱ्या गोगलगायी आणि दोन-तीन शंखात राहणारे खेकडे. एवढंच. प्रवाळाच्या जागी मश्रूम म्हणतात ते. ते प्रवाळाचे भाऊबंद, पण सांगाडा नसलेले. मंद उजेडात राहतात, पाण्यातल्या लहानसहान चुका पोटात घालतात. तेही समुद्रातून तोडलेले नकोत, कुणा हौशी माणसाच्या टाकीत वाढलेले असतील त्यांचाच तुकडा घ्यायचा. बटणांसारखे रंगीत झोअँथिड दिसतात छान, पण त्यांच्यातल्या काहींच्या अंगात जबर विष असतं, हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. घरात आजी असेल तर ते नकोतच.

"आज तू बघितलंस ना," सर तिला म्हणाले, "मालवणच्या पाण्यात पावसाळ्यात खाडीचा गाळ येतो. तो गाळ सोसणाऱ्या ढेपाच इथं राहिल्या. पुस्तकातल्या चित्रांसारखी नाजूक शिंगं नाहीत. जिथं जे टिकतं ते तिथं राहतं. तू पण आपल्या टाकीत काय टिकेल ते विचार, काय आवडतं ते नको."

खरं सांगायचं तर हे वाक्य मी वर्गात कित्येकदा वेगळ्या शब्दांत वापरलं आहे, पण घरात कधी वापरलं नव्हतं. लेकीला खूश करायच्या घाईत मी माशांना काय हवं हे विचारलंच नव्हतं, आणि तिला तरी नेमकं काय हवं हे कुठं विचारलं होतं?

परतल्यावर पहिलं काम म्हणजे तो पांढरा तुकडा. मी लेकीला घेऊन वन खात्याच्या कचेरीत गेलो आणि कुठून, कसा आणला हे लिहून देऊन तो जमा केला. तिथल्या साहेबांनी तुकड्याकडं आणि आमच्याकडं आळीपाळीनं पाहिलं. चार शब्द सुनावलेही. ते मी ऐकून घेतले, कारण बाजूला ती उभी होती.

मग तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी केली. म्हणजे १९० लिटर. नवशिक्यानं लहान टाकीपासून सुरुवात करावी असं आपल्याला वाटतं. ते उलट आहे. पाणी जितकं जास्त तितकी चूक पचते. मालवणहून पाणीच आणू का, असं मी विचारलं होतं. सर म्हणाले, किनाऱ्याच्या पाण्यात गाळ आणि गटार दोन्ही येतं. फिल्टरच्या शुद्ध पाण्यात मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठ, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. स्वयंपाकातलं मीठ नाही, त्यात समुद्रातलं चुनखडीचं आणि मॅग्नेशियमचं अंग नसतं. दगड कृत्रिम, सिमेंटचे, चांगले धुऊन मुरवलेले. आणि पाणी आटलं की भर घालायची ती गोड्याच पाण्याची, कारण वाफ होते ती पाण्याची, मीठ खालीच राहतं. लेकीनं त्या गोड्या पाण्याच्या बादलीवर खडूनं लिहून ठेवलं, 'साखरबाव'.

जानेवारीत पाणी भरलं. माशांविना टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, ते कुजून अमोनिया व्हायचा, आणि जिवाणूंची वाट बघायची. दर दोन दिवसांनी लेक नळीत पाणी घेऊन थेंब टाकून रंग बघायची. हिरवा म्हणजे अमोनिया आहे, पिवळा म्हणजे नाही. पाहुणे आता विचारायचे, "हे नुसतं पाणी कशाला ठेवलंय?" लेक सांगायची, "विरजण लागतंय." फेब्रुवारीच्या मध्यावर रंग पिवळा आला आणि आठवडाभर पिवळाच राहिला. मग गोगलगायी आल्या, मार्चमध्ये निमोंची जोडी, एप्रिलमध्ये कोळंबी, जूनमध्ये गोबी. दर खेपेला मध्ये निदान तीन आठवडे. पुण्याच्या एका हौशी गृहस्थांनी जुलैत मश्रूमचे दोन तुकडे डब्यात घालून दिले. त्यांचे आता सात झालेत.

बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात त्याचा फायदा झाला. पाणी २५-२६ अंशांवर ठेवावं लागतं. मुंबईकरांना त्यासाठी गार करायचं यंत्र लागतं, आम्ही उन्हाळ्यात टेबलफॅनवर भागवलं. थंडीत मात्र हीटर हवाच.

पण मे महिन्यात एका रात्री वळीव आला आणि वीज गेली ती पाच तास. पंप बंद. पाणी हललं नाही तर त्यात प्राणवायू मिसळत नाही. आम्ही बापलेक आळीपाळीनं मगानं पाणी वर उचलून ओतत होतो. दोनच्या सुमारास लेक सोफ्यावर झोपून गेली, माझाही डोळा लागला. जाग आली ती पाण्याच्या आवाजानं. मेणबत्तीच्या उजेडात अज्जी स्टुलावर बसून पूजेच्या तांब्यानं पाणी घेत होत्या आणि धार धरत होत्या. मला पाहून हळूच म्हणाल्या, "मलगरी, नान नोडतीनी." मी झोपलो नाही. शेजारी बसून राहिलो. तीनला वीज आली, पंप घरघरला, आणि दोन्ही निमो कोपऱ्यातून बाहेर आले.

आता दिवाळी झाली. खाद्य आणायला गेलो असताना एका दुकानदारानं लेकीला निळी डोरी दाखवली, बोटभर लांबीची, देखणी. मी गप्प उभा राहिलो. तिनं बराच वेळ बघितलं, आणि त्यांनाच विचारलं, "काका, ही केवढी होते माहितीय?" आणि माझा हात धरून बाहेर आली.

त्या वहीत तिनं दोन याद्या केल्या आहेत. एकीचं नाव 'टाकीत', दुसरीचं 'समुद्रात'. टाकीतली यादी दहा ओळींत संपते. समुद्रातली तीन पानं झाली आहे. तिच्यात डोरी आहे, समुद्रफूल आहे, मँडरिन आहे, वैदू मासा आहे आणि मालवणची ढेप आहे. डिसेंबरात परत जायचं ठरलं आहे. पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असतं ते थंडीतच, आणि पावसाळ्यात होड्या बंद असतात. ती मला सांगते, या खेपेला रिंग सोडून पोहायचं, नाहीतर दुसरी यादी बघून होणार नाही.

यंदा अज्जीही येणार म्हणतात. पाण्यात उतरणार नाहीत. त्यांना साखरबावेचं पाणी प्यायचं आहे.